खोडलेल्या दोन ओळी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. कामगार खात्यातून चौकशीला आलेल्या दोन माणसांसमोर, खुर्चीत मागे रेलून, तुम्ही सांगितलंत की सर्दी-तापाच्या उपायांचा तो कागद धुलाईतल्या बायकांनी आपल्या हौसेनं भिंतीवर डकवला. मी दाराशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तरीही बोललात.

आता मी सांगते, आणि पहिल्यापासून सांगते.

आपल्याकडे रोज हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुण्याच्या बाजूला फरशीवर पाणी, पाय गारठलेले. इस्त्रीच्या रुळापाशी वाफ आणि घाम. दिवसभर या टोकाहून त्या टोकाला पळायचं, मग थंडी पडली की निम्म्या बायका नाक पुसत असतात. आईकडून शिकलेले चार उपाय मला येतात, म्हणून सगळ्या मला डॉक्टरीणबाई म्हणतात. चेष्टेनं म्हणतात, पण शिंक आली की माझ्याकडेच येतात.

मोठं गिऱ्हाईक भेटीला यायचं होतं आणि ऐन वेळी तुमचा आवाज बसला, आठवतंय? मुकादम धावत आला, "बाई, साहेबांच्या घशाचं बघा." मी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला लावल्या. आल्याचा रस मधातून दिला. पातेलं टेबलावर ठेवून वाफ दिली. टॉवेलखाली तुमचं डोकं आणि बाजूला मुकादम हात बांधून उभा. आम्ही बायका आठवडाभर हसत होतो. तिसऱ्या दिवशी तुमचा आवाज सुटला आणि तुम्ही म्हणालात, "हे सगळं लिहून द्या. सगळ्यांच्या कामी येईल."

माझं लिखाण मी आपलं आपण शिकले आहे. मला कोणी "लिहून द्या" म्हटलं ते आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवशी स्वयंपाक धाकट्या जावेनं केला. आमची चूल एक, आणि नोकरीही एकाच ठिकाणी. मी रुळावर, ती घड्यांच्या टेबलावर. मी लिहीत होते आणि ती खांद्यावरून वाचत होती. गुळण्या झाल्या, आलं-मध झालं, हळदीचं गरम दूध झालं, वाफ झाली.

"ताई, शेवटचं जरा ठळक लिही," ती म्हणाली. "साहेबांची आणि झोपेची ओळख नाही."

म्हणून मी शेवटच्या दोन ओळी दोनदा गिरवल्या. ताप असेल तर काम बंद करून अंथरुणात पडून राहावं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाही, किंवा दम लागला, तर घरचं सगळं सोडून डॉक्टरकडे जावं. आईनं मला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं. काढा सर्दीला आराम देतो. फ्लू उतरवतो तो विसावा, आणि विसाव्यानंही उतरला नाही तर डॉक्टर.

आठवड्यानं कागद हजेरीच्या मशिनशेजारी लागला. टाइप केलेला, वर कारखान्याचा शिक्का, खाली "अनुभवी कर्मचारी महिलेकडून". बायकांनी मला कोपरखळ्या मारल्या. "आता फी घेणार का हो?" मी फुगले. इतकी फुगले की पहिल्या दोन ओळी आणि खालची माझी ओळख एवढंच वाचलं. माझंच लिहिलेलं, परत काय वाचायचं? ही चूक माझी. ती मी कबूल करते, तुमच्यासारखी दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाही.

पुढे धाकटीला ताप आला. दोन दिवस तिनं अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी तिनं मुकादमाकडे सुट्टी मागितली.

"बोर्ड वाच की," मुकादम म्हणाला. "तुझ्याच जावेचं औषध आहे. रुळापाशी उभी राहा, फुकटात वाफ मिळेल."

ती माझ्याकडे आली. डोळे लाल, ओठ फुटलेले. "ताई, तू झोपायला लिहिलं होतंस ना?"

"लिहिलं होतं."

"मग तिथं का नाही?"

मी हात पुसले, मशिनपाशी गेले आणि पहिल्यांदा तो कागद पूर्ण वाचला. शेवटच्या दोन ओळी नव्हत्या. त्यांच्या जागी होतं, "सर्दी-ताप असलेल्यांनी इस्त्री विभागात काम करावे, वाफेचा लाभ होतो. किरकोळ आजारासाठी रजा मिळणार नाही."

मी तशीच तुमच्या केबिनमध्ये आले. तुम्ही फायलीतून मान वर केली नाहीत. "टाइप करताना जागा पुरली नसेल. आजचा दिवस भरू दे, उद्याचं बघू."

आणि मी परत गेले. तिला म्हणाले, "एवढा दिवस काढ गं." मी म्हणाले हे. तुमचं वाक्य माझ्या तोंडून तिच्यापर्यंत गेलं.

दुपारी ती ओल्या चादरींच्या ढिगावर कोसळली. न्यूमोनिया. एकोणीस दिवस हॉस्पिटलात होती. अंगाखाली जी चादर होती ती बहुतेक आपल्याच इथं धुतलेली. विसाव्या दिवशी ती घरी आली, एकविसाव्या दिवशी तुमचं पत्र. न कळवता गैरहजर. घरगुती उपचारांवर विसंबून डॉक्टरकडे जाण्यात हलगर्जी. म्हणून कामावरून कमी.

माझा नवरा म्हणतो, तू गप्प बस, तुझी नोकरी तरी टिकेल. त्याच्या सख्ख्या भावाची बायको आहे ती. धाकटी माझ्या हातचं पाणी घेते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. मी लिहिताना तिनं पाहिलं होतं, तरी तिला अजून वाटतं, देताना तुमच्या सांगण्यावरून मीच त्या ओळी बदलल्या आणि आता साळसूदपणा करतेय.

काल मी तुमच्या ऑफिसात टाइप करणाऱ्या मुलीला जिन्यात गाठलं. ती रडकुंडीला आली. म्हणाली, "बाई, तुमचा कागद माझ्याकडे पूर्ण आला होता. साहेबांनी माझ्यासमोर दोन ओळींवर पेन फिरवला. नवीन ओळी त्यांनीच सांगितल्या."

म्हणजे जागा पुरत होती.

सोमवारी सकाळी मी धाकटीला हाताला धरून घेऊन येणार आहे. दम लागतो अजून तिला, जिना आम्ही बसत-बसत चढू. तिचं काम तुम्ही परत देणार की नाही? आणि त्या ओळी कोणी खोडल्या, हे तिच्या तोंडावर तुम्ही सांगणार की नाही? आम्ही दोघी केबिनबाहेर बसून राहू. उत्तर द्या.