सारजाबाईचा टाक

कोंडूला बायकोचा चेहरा हवा होता, बाकी काही नको. सारजाबाईला जाऊन सहा महिने होत आलेले आणि घरात धड फोटो म्हणाल तर एक नाही. कुणी मोबाईल उगारला की बाई पदर तोंडावर ओढायची. आधार कार्डावर होता म्हणा, पण त्यात ती होती की तिची सावली, देव जाणे!

आंदर मावळात गेलेल्या माणसाचा टाक करून देवघरात बसवतात. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर उठवलेलं माणूस. वडगावच्या सोनारानं साच्यातला टाक पुढं केला तसा कोंडू भडकला.

"ही समद्यांचीच बायको हाय. माजी सारजा न्हाई ही!"

सोनार हसला. हसणारच, त्याचं काय जातंय?

कोंडू लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करायचा. मालकांना भलतीच हौस, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकांची ब्राँझची पदकं जमवायची. एकेका पदकावर एकेक बाई, असा डबाच भरलेला. कपाट आवरताना कोंडूचा हात एकीवर थबकला. तसंच रुंद कपाळ, तशीच पुढं आलेली हनुवटी. अंबाडा तेवढा परका.

"सायेब, ही आमच्या सारजीवानी दिसतीया."

"माझ्याकडे हिची दोन आहेत, ने एक," मालक म्हणाले. भला माणूस.

झालं! पदक देवघरात बसलं. रोज अंघोळ, कुंकू, जास्वंदीचं फूल. कोंडू तिच्याशी गप्पा मारायचा, भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगायचा. कोंडू मडमेला कुंकू लावतोय म्हणून वाडी खिदळायची. हा ऐकतोय कुठं!

वर्षश्राद्धाला त्याची लेक संगीता सासरहून आली, ती मोबाईल नाचवतच. कुणाच्या तरी हळदीतला फोटो तिला भावकीतल्या पोरीनं पाठवला होता. हळदीनं माखलेली बाई, पदर ढळलेला, तोंड भरून हसतेय.

कोंडूनं मोबाईल लांब धरला, मग जवळ धरला.

"ब्येस हाय. कोन गं ही?"

संगीताला वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. "आबा, आसं काय करता? आई न्हाई का ती!"

कोंडूनं बाहीनं मोबाईलची काच पुसली. त्यानं पुन्हा पाहिलं. कपाळ अरुंद होतं, हनुवटी बारीक. पण लेक खोटं कशाला बोलेल? त्यानं डोळे मिटून मनात सारजीला हाक मारली. आली ती अंबाडेवाली. पुन्हा मारली, पुन्हा तीच. जिच्यासोबत जन्म काढला तिचा चेहरा पुसला गेला होता, आणि पुसला कुणी, तर यानंच, रोज हौसेनं अंघोळ घालून. म्हातारा पोरासारखा रडायला लागला.

"डोळं मिटलं की दुसरीच येतीया गं."

"रोज बघत जावा, यील ध्यानात," संगीताही रडत म्हणाली. "तुमच्या मोबाईलवर टाकते."

"नगं." कोंडूनं मोबाईल तिच्या हातात परत दिला. "तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे. तुला तरी ती वळखू येती."