आत्याचा सूर आणि रेघेचं ॲप

गेल्या उन्हाळ्यात हसनाबादेतल्या एका हळदीला आसराबाई दोन कडवी म्हणून उठून गेल्या. डीजे सुरू झाला होता आणि त्यांचं गाणं मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईलाही ऐकू येत नव्हतं. डीजे त्यांच्याच मुलाचा, परमेश्वरचा होता. त्यानंतर गावातल्या एकाही हळदीला त्या गायल्या नाहीत.

यंदा हळद त्यांच्या भावाच्या, म्हस्कूंच्या घरी होती. थोरली मीना नवरी. धाकटी मोनिका जालन्याला कॉलेजात शिकते आणि फोनवर संगीत तयार करते. लग्न आठवड्यावर आलं तेव्हा तिनं आतेभावाला, परमेश्वरला गाठलं.

"आत्या गाणार हाय. तुझ्या स्पीकरवर."

"गाऊ दे की. पण नुसता गळा माईकवर कोरडा पडतो, मोने. खाली भरणा लागतो. पोरं हुर्यो करतील, मंग आई पुन्हा तोंड उघडायची न्हाई."

"भरणा मी देते."

"त्या खेळण्यानं?"

"जमलं तर आधी आत्याची गाणी, मंग तुझा डीजे."

"आन् न्हाई जमलं तर वरात संपेस्तोर माझ्या वायरी गुंडाळायच्या."

"कबूल."

मोनिकाच्या फोनमध्ये वाद्यांसारखे सूर काढणारी तीन सिंथ ॲप होती. गाण्याच्या खाली एक सलग, जाड सूर धरायचा, एवढंच तिला हवं होतं. बोट टेकताच आवाज यावा, तो हवा तितका वेळ टिकावा आणि फोन तापून मध्येच बंद पडू नये, या तीन गोष्टींवर ती ॲप तपासणार होती. मेंढ्यांच्या वाड्याशेजारच्या अंगणात आसराबाई आणि शेजारच्या चार बाया जमल्या. एक छोटा स्पीकर वायरीनं फोनला जोडला.

पहिल्या ॲपमध्ये शेकडो तयार आवाज होते. पेटी, सनई, बासरी, सगळे गोड. पण त्याच्या वजनानं तिचा साधा फोन वाकला. बोट टेकल्यावर आवाज किंचित मागाहून यायचा.

"हाक मारल्यावर कूस बदलून मंग उठतं हे," आसराबाई म्हणाल्या. "आमच्या परमेश्वरावानी."

ते ॲप बाद झालं.

दुसरं तिनं पैसे देऊन घेतलेलं होतं. त्यात तयार आवाज थोडे, पण आवाजाची लहर जाड-बारीक करायची बटणं पुष्कळ. तिनं असा सूर घडवला की वाड्याचा पत्रा झिणझिणला. बाया खूश झाल्या. पहिलं कडवं त्या सुरावर नीट बसलं. तिसऱ्या कडव्यापर्यंत मात्र गळा आणि फोन एकमेकांना घासायला लागले. सूर मोजणाऱ्या दुसऱ्या ॲपवर मोनिकानं तपासलं. फोन आपल्या जागी बरोबर होता.

"आत्या, तू वर जाऊन राह्यली. जरा खाली धर."

आसराबाईंनी खाली धरलं. प्रत्येक ओळीआधी त्या फोनकडे बघू लागल्या आणि बाकीच्या बाया त्यांच्याकडे. गाणं शाळेतल्या प्रार्थनेसारखं निघालं. पाचव्या कडव्याला त्यांनी पदर खोचला आणि उठल्या.

"गाणं म्हणू का तुझं बटन सांभाळू? मला न्हाई जमायचं हे. परमेश्वराला म्हणावं, लाव तुझा डब्बा."

बाया पांगल्या. तालमीचं रेकॉर्डिंग तेवढं मोनिकाकडे उरलं. ते तिनं पुन्हा ऐकलं, मग आसराबाईंची जुन्या लग्नांतली दोन गाणीही ऐकली. सगळीकडे एकच होत होतं. प्रत्येक कडव्याला सूर केसभर चढायचा आणि पाचही बाया एकदम चढायच्या. गाणं तापायचं ते तसंच. ती चढण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधून जात होती आणि तिथं दाबायला दुसऱ्या ॲपमध्ये काही नव्हतं.

तिसरं ॲप फुकटातलं. पहिल्याच दिवशी तिनं ते बाजूला टाकलं होतं. त्यात तयार आवाज नव्हते, पट्ट्याही नव्हत्या. स्क्रीनवर फक्त एक आडवी रेघ. डावीकडे खालचा सा, उजवीकडे वरचा सा, मधे बोट सरकवायचं. आवाज डासासारखा बारीक. मोनिकानं त्याला आणखी एक लहर जोडली, ती पहिलीपासून नखभर हलवली, वरचा टोकदार भाग कापला. आवाज भरला. फोन थंड राहिला, उशीरही नव्हता.

ती आत्याच्या घरी गेली.

"आता तू म्हणशील तसं म्हण. फोनकडं बघूच नको. मी तुझ्या मागं येते."

आसराबाई भाकरी थापता थापताच गायल्या. शेवटच्या कडव्यापर्यंत सूर घासला नाही. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

"ही तुझी तू खा," त्या म्हणाल्या आणि चारही बायांना निरोप धाडला.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला होता. मोनिकाचं तोंड, गळा, डावा हात पिवळा झाला होता. उजवा हात तिनं पिशवीत घालून वाचवला होता. हळदीचं बोट रेघेवर अडलं असतं.

"ब्लूटूथ जोडू?" परमेश्वरनं विचारलं.

"वायर दे. ब्लूटूथवर आवाज मागं राहतो."

"लई शिकली."

आसराबाईंनी पहिली ओळ उचलली. मोनिकाचं बोट रेघेच्या मधोमध टेकलं आणि त्या गळ्याखाली जमीन आल्यासारखं झालं. मागच्या बाकांवर शिट्ट्या मारायला बसलेल्या पोरांनी तोंडातली बोटं खाली घेतली. या गाण्यात कडव्याकडव्याला घरच्या माणसांची नावं गुंफतात. नाव आलं की ते माणूस मान वर करी. मांडवाच्या टोकाला बसलेल्या भागवतमामांनाही स्वतःचं नाव ऐकू आलं आणि त्यांनी टोपी सारखी केली.

आपलं गाणं मांडवभर पोचतंय हे बायांना कळलं आणि त्या तालमीपेक्षा जोरात चढू लागल्या. मोनिकाचं बोट उजवीकडे सरकत राहिलं. सातव्या कडव्याला ते रेघेच्या टोकाशी पोचलं. पुढं जागा नव्हती आणि गाणं तर अजून बाकी होतं.

टोकाला वरचा सा होता. डाव्या टोकाला तोच सा, एक सप्तक खाली. मोनिकानं ओळीचा शेवट येऊ दिला. बायांनी श्वास घेतला तेवढ्यात तिनं बोट उचलून डाव्या टोकाला ठेवलं.

सूर तोच, पण आता तो छातीतून आल्यासारखा घुमला. मांडवाचे खांब थरथरले. बाया दचकल्या नाहीत. उलट आणखी मोकळ्या सुटल्या. आसराबाईंनी लेकाकडे बघत कडवं जागेवर जुळवलं:

"मामाच्या मांडवी भाचा बसला गुमान,
डब्ब्याचा त्याच्या आज आईलाच मान."

मांडव हसला. परमेश्वरनं मान खाली घातली. हात मात्र त्याचा मिक्सरकडे गेला. मोनिकाला वाटलं, आता हा आवाज बंद करतो. त्यानं आईचा माईक वर केला, मग फोनच्या सुराचा खर्ज. कुणी सांगितलं नव्हतं.

गाणं संपलं तेव्हा बायांच्या आधी पोरांनीच टाळ्या वाजवल्या. मीनानं पिवळ्या हातांनी आत्याचे पाय धरले आणि पायही पिवळे केले.

परमेश्वर माईकसाठी हात पुढं करून उभा राहिला.

"आई, दे आता. पब्लिक डीजेची वाट पाहून राह्यलं."

"कोण पाहून राह्यलं?" आसराबाईंनी मागं वळून विचारलं. "पाहून राह्यले का रे?"

"न्हाई," मागच्या बाकावरून पोरं म्हणाली.

परमेश्वरनं खुर्ची ओढली आणि स्पीकरच्या बाजूला बसला. आसराबाईंनी माईक दोन्ही हातांत धरला, नवं गाणं खालच्या सुरात उचललं. मोनिकाचं बोट सुरामागे निघालं.