पिवळ्या चिठ्ठीचं ताट

जहाजावर पाऊल ठेवल्यापासून जिजीच्या हातांना काम नव्हतं, आणि हात रिकामे राहिले की जिजीची जीभ कामाला लागायची. चाळीस वर्षं चौदा माणसांचा स्वयंपाक ओढलेली बाई ती. तिच्या स्वयंपाकघरात तिला विचारल्याशिवाय मिठाची बरणीसुद्धा जागची हलत नसे. आणि इथे? संध्याकाळी सहाला घंटा झाली की जेवणाच्या दालनात जायचं, मांडीवर पांढरा रुमाल पसरायचा आणि कुणीतरी आणून वाढेपर्यंत पाहुण्यासारखं बसून राहायचं.

टेबलं जमिनीला स्क्रूने आवळलेली. पेले घरंगळू नयेत म्हणून कडेने बोटभर उंच पट्टी. सहाची पंगत लेकुरवाळ्यांची, आठची बाकीच्यांची. प्रत्येक कुटुंबाला सफरीचे सातही दिवस एकच टेबल आणि वाढायलाही एकच माणूस. जिजीच्या घराला सतरा नंबर मिळाला होता. मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू, सहा वर्षांची नात भिंगरी, आणि भिंतीकडच्या खुर्चीवर जिजी.

वाढणारी चाळिशीची होती. केस घट्ट बांधलेले, एक हात कायम पाठीमागे. "वाढायला आलीय की कवायतीला?" जिजी पहिल्याच दिवशी म्हणाली, पण तोंडातल्या तोंडात. सुनेने मात्र तिला थांबवून सांगितलं, "हिला शेंगदाणा अजिबात चालत नाही हं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात." बाईने वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून भिंगरीचं ताट वेगळं यायचं, वर स्टीलचं झाकण आणि झाकणावर पिवळी चिठ्ठी.

"मी स्वतः उभी राहून भरून घेते," बाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. निश्चिंत राहा, ताई."

इथवर ठीक होतं. पण भिंगरी घरी जिजीच्याच हातून जेवायची. आईने घास पुढे केला तर तोंड फिरवायची, आणि जिजी ते चार बायकांत दहा वेळा सांगायची. दुसऱ्या संध्याकाळी वाढणारी टेबलाशी वाकली आणि बटाट्याचे तुकडे ताटात रांगेने मांडत म्हणाली, "या होड्या. तुझं तोंड हे बंदर. एक होडी बंदराला लागली की मगच दुसरी सुटते." भिंगरीने काटा उचलला आणि स्वतःच्या हाताने अख्खं ताट संपवलं.

"बघा जिजी!" सून हरखून म्हणाली. "खाते की आपल्या हाताने!"

सून आनंदाने बोलली होती, पण जिजीला ते कुसळासारखं रुतलं. "खेळ लावून खायला पोर म्हणजे काय पोपट आहे?" ती म्हणाली. भिंगरीची होडी तेवढ्यात बंदराला लागत होती.

चौथ्या दिवशी जहाज दुपारभर एका धक्क्याला लागलं. सगळे उतरले. धक्क्यावरच्या दुकानात जिजीने बिस्किटांचा एक पुडा घेतला. वर गव्हाची ओंबी काढलेली, खाली मुंगीएवढी अक्षरं. जिजी दुसरीपर्यंत शिकलेली. पाटीवरची मोठी अक्षरं ती जुळवायची, पण मुंग्यांच्या नादाला लागत नसे. सुनेला वाच म्हटलं असतं तर तिने वाचलं असतं. जिजीने म्हटलं नाही. ओंबी दिसत होती, तेवढं पुरे होतं.

पाच वाजता खोलीत भिंगरी एकटी सापडली. जिजीने तिला मांडीवर घेतलं आणि दोन बिस्किटं एकेक तुकडा करून भरवली. बिस्किटाच्या पोटात तपकिरी लेप होता. चॉकलेट असेल, जिजीला वाटलं. समुद्राच्या वाऱ्याने तिचं नाक तीन दिवस चोंदलेलं, आणि साखरेच्या दुखण्यामुळे गोड तिला बंद. चाखून पाहायचा प्रश्नच नव्हता.

"आईला सांगू नको हं," ती म्हणाली. "तुझी-माझी गंमत." त्या क्षणी तिला फार बरं वाटलं होतं.

सहाची पंगत निम्मी झाली असेल नसेल, भिंगरी ओठ खाजवायला लागली. बघता बघता ओठ फुगले, मानेवर लाल चट्टे उठले. मुलाने तिला उचललं आणि पळत दवाखाना गाठला. डॉक्टरने सुई टोचली, मग विचारलं, "जेवणाशिवाय काही खाल्लं होतं का?"

"बाळा, टेबलावरचं सोडून आणखी काही खाल्लंस?" सुनेने विचारलं.

भिंगरीने सुजल्या डोळ्यांनी जिजीकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही."

जिजी दाराशी उभी होती. गव्हाच्या बिस्किटाने काय होतंय, असं तिने स्वतःला सांगितलं. मग डॉक्टरला सांगायला काय हरकत होती, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

तासाभरात सूज उतरली, पोर खुदकन हसली. जिजी खोलीत आली, पुडा काढला आणि एक बिस्किट कडकन चावलं. नाक चोंदलेलं असलं तरी जीभ शाबूत होती. आयुष्यभर ज्याचं कूट केलं तो दाणा न ओळखायला ती काय काल लग्न होऊन आली होती? तिने पुडा साडीच्या घडीत, बॅगेच्या तळाशी लपवला. डोकं टेकलं, पण डोळा लागला नाही.

सकाळी न्याहारीला सतरा नंबरवर दुसरीच बाई आली.

"आमची कुठे गेली?" नातवाने विचारलं.

"तिला खाली भांड्यांवर लावलंय. उद्या बंदर आलं की उतरवणार आहेत," नवी बाई म्हणाली.

"हो, मीच काल लेखी तक्रार दिली," सून म्हणाली. तिचेही डोळे तारवटलेले होते. "वाईट वाटतं हो. पण तिने शब्द दिला होता ना मला? मी तिच्यावर भरवसा टाकला."

"चूक म्हणजे केवढी चूक," मुलगा म्हणाला. "पोरीच्या जिवाशी खेळ."

जिजीने चहाचा कप खाली ठेवला. जन्मभर सुनेला टोचून बोलणारी तिची जीभ टाळूला चिकटून बसली होती. ताट झाकून आणणारी ती बाई आत्ता कुठेतरी खाली वाफेत उभी राहून, आपलं कुठे चुकलं, ते आठवत असेल. कितीही आठवलं तरी तिला सापडणार नव्हतं.

नव्या बाईने भिंगरीचं ताट ठेवलं. भिंगरीने काटा उचलला नाही. ती खुर्चीवरून सरकत जिजीच्या कानाशी आली आणि कुजबुजली, "जिजी, मी कुण्णाला सांगितलं नाही हं."

शाबासकी हवी होती तिला.

जिजी उठली. खुर्चीचा आवाज झाला तशी सून म्हणाली, "काय हवंय? मी सांगते त्यांना."

"बस तू. नाही, बस कशाला, तूही चल. तुझ्यासमोरच होऊ दे."

दालनाचा मॅनेजर काळ्या कोटात दाराशी उभा होता. जिजीने काखेतल्या पिशवीतून पुडा काढून त्याच्या वहीवर ठेवला. सकाळी निघताना तो पिशवीत का टाकला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"हे मी भरवलं पोरीला. जेवणाआधी. तुमच्या बाईचा काही दोष नाही."

मॅनेजरने पुडा उलटा करून वाचला. "आजी, यात शेंगदाणा आहे, असं स्पष्ट लिहिलंय."

"लिहिलं असेल. मला वाचता येत नाही एवढं बारीक," जिजी म्हणाली. परक्या माणसासमोर हे वाक्य तिने उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. "मोठंही जेमतेमच येतं."

सून तिच्याकडे बघत राहिली. "जिजी, मला द्यायचं होतंत ना वाचायला."

"द्यायचं होतं. नाही दिलं."

"पण काल डॉक्टर विचारत होते, तेव्हा..."

"तेव्हाही मूग गिळून बसले. बोल, काय बोलायचं ते. आज ऐकून घेते."

सुनेने काही बोलावं, असं जिजीला फार वाटत होतं. सुनेने पुडा उचलून मागची बारीक अक्षरं वाचली.

मॅनेजरने खाकरून सांगितलं की तक्रार लेखी आहे, तेव्हा हेही लेखीच लागेल. सुनेने पेन घेतलं. जिजी सांगत गेली, "लिही. बिस्किट मी दिलं. पोरीला गप्प राहायला मी सांगितलं. माझ्यापायी ती डॉक्टरसमोर खोटं बोलली."

सुनेचं पेन थांबलं. "एवढं लिहायची गरज नाही, जिजी. बिस्किटाचं पुरे आहे त्यांना."

"त्यांना पुरे असेल. लिही."

खाली जिजीने सही केली. वाकड्या, पाटीएवढ्या मोठ्या अक्षरांत. अर्धा कागद त्यातच गेला.

संध्याकाळी सहाला वाढणारी परत आली. केस तसेच बांधलेले, एक हात पाठीमागे, बोटांची टोकं मात्र साबणाच्या पाण्याने सुरकुतलेली. सून उठून उभी राहिली, तिचा हात हातात घेऊन चार शब्द बोलली. बाई ऐकून "असू दे, ताई" म्हणाली. मग जिजीची पाळी आली.

"बाई, माझी फार मोठी चूक झाली."

"कळलं मला, आजी."

तेवढंच. असू दे म्हणाली नाही. पिवळ्या चिठ्ठीचं ताट तिने भिंगरीपुढे नेण्याआधी जिजीपुढे धरलं, झाकण उचललं आणि शांतपणे म्हणाली, "एकदा नजरेखालून घाला." शिवी दिली असती तर जिजीला सोपं गेलं असतं. तिने ताटात पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली.

भिंगरीच्या होड्या मात्र सुटल्या. एकेक बंदराला लागत होती. गाजरांपाशी येऊन ताफा थबकला. थोड्या वेळाने सुनेने वाकून विचारलं, "गाजर संपवलंस का गं? की रुमालात लपवलंस?"

भिंगरीने उत्तर द्यायच्या आधी जिजीकडे पाहिलं. काय सांगायचं, हे विचारणारी ती नजर होती. टेबलावरच्या सगळ्यांनी ती पाहिली.

"माझ्याकडे बघू नको, बाळा," जिजी म्हणाली. "आईकडे बघ. खरं काय असेल ते आईला सांग."

भिंगरी जरा गोंधळली. मग तिने मांडीवरचा रुमाल हळूच उलगडला. आत गाजराचे तीन तुकडे होते.