कोरडा म्हणून लिहिलेला धबधबा

बाई पाणी खात्यात स्थळपाहणी अधिकारी होत्या, आणि अकरा अहवाल लिहूनही त्यांनी एकही स्थळ पाहिलं नव्हतं. दोष त्यांच्या एकटीचा नव्हता. खात्याची रीतच तशी होती: जुना अहवाल काढायचा, नाव आणि तारीख बदलायची, खाली 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं लिहून सही ठोकायची. आपल्यापैकी किती जणांनी असे कागद रंगवलेत, ते ज्याचं त्यानं आठवावं.

त्या आठवड्यात एका कारखान्याची फाइल आली. डोंगरावरचा ओढा वरच्या वर नळात वळवून कारखान्यात न्यायचा होता. 'ओढा वर्षातले आठ महिने कोरडा असतो' हे वाक्य बाईंनी भलत्याच ओढ्याच्या अहवालातून उचललं. साहेबांना सोमवारी सही हवी होती, आणि बाईंच्या बढतीचा कागदही साहेबांच्याच टेबलावर होता.

शनिवारी जेवताना तो अहवाल वडिलांच्या हाती लागला. तेही याच खात्यात मोजणीदार होते. ओढे-नाले पायी तुडवून निवृत्त झालेले.

"तू गेली होतीस तिथं?"

"कुणीच जात नाही, बाबा."

"मग सही कशाची करतेस? पाणी काही तुझ्या कचेरीत येऊन सांगणार नाही, मी आहे म्हणून. तूच जायला हवंस."

बाई चिडल्या. वडिलांचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून रविवारी त्यांना घेऊन बसमध्ये बसल्या.

शेवटच्या थांब्यापासून तासभर चालल्यावर आधी आवाज आला. वळणापलीकडे कड्यावरून पांढराशुभ्र लोट कोसळत होता. पायाखालची जमीन थरथरत होती. तुषारांनी बाईंचा चष्मा धुऊन निघाला, कपडे चिंब झाले, तरी त्या मान वर करून पाहतच राहिल्या. याच्यापुढे आपण केवढ्याशा आहोत हे त्यांना कळलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. उलट डोळे भरून आले. अहवालातल्या कोरड्या महिन्यांपैकी तो पाचवा महिना होता.

"बाबा, आणि याला मी कोरडा म्हटलं!" त्या ओरडल्या. धबधब्याच्या गर्जनेत त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

वडिलांनी नुसतं पेन पुढे केलं. बाईंनी पिशवीतून अहवाल काढला आणि तिथंच दगडावर ठेवून ते वाक्य खोडलं.

सोमवारी साहेबांनी तो ओलसर, सुरकुतलेला कागद चिमटीत धरला. नवा कागद घ्या, जुनं वाक्य घाला, बढतीचाही विचार करा, असं त्यांनी गोडीत सुचवलं.

"मी जाऊन आलेय, साहेब. तो वाहतोय. तुम्हाला कोरडाच हवा असेल तर तुम्ही सही करा. पण 'प्रत्यक्ष पाहणी केली' हे तुमच्या हातानं लिहा."

साहेबांनी पेन उचललं नाही. बढतीचा कागद मात्र खणात गेला.

बाई दारापर्यंत जाऊन परत आल्या. "माझ्या आधीच्या अकरा फायलीही काढायला सांगा. त्या खोट्या आहेत. मी एकेक ठिकाण बघून येणार आहे."

मित्रहो, न पाहिलेल्या गोष्टीखाली सही करायची नाही, मग समोर साहेब असो की बढती. आणि केली असेल, तर उठायचं, जाऊन पाहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की मी चुकलो.