निळ्या विहिरीचं निर्मळ पाणी

विहिरीभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतींवर माणसं, पत्र्यांवर माणसं, उभ्या मोटारींच्या टपांवर माणसं. पुढच्या रांगेत वाहिन्यांचे कॅमेरे तीन पायांवर ठाण मांडून उभे होते, आणि त्यांच्या मागे पडलेली पोरं-बाळं पायांच्या जंगलातून डोकावत होती.

निर्मळबाबांनी काचेची बरणी विहिरीच्या निळ्याशार पाण्यानं भरली. ती लोकांना दाखवली आणि कॅमेऱ्यांना जरा जास्तच वेळ दाखवली.

"हे पाणी नव्हे, लेकरांनो! हे तुमचं दुःख आहे. दुःख ढवळलं की निवळतं, आणि निवळलं की दिसेनासं होतं!"

म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही. चेल्यांनी उदाचा असा धूर केला की पुढच्या लोकांच्या डोळ्यांत भक्तीआधीच पाणी आलं. बाबांनी आपली जाड लाकडी काठी बरणीत घालून गरगर फिरवली. निळा रंग फिकटला, हिरवट झाला आणि बघता बघता पाणी काचेसारखं स्वच्छ झालं. लोकांनी एकच आरोळी ठोकली.

गर्दीच्या कडेला शाळेतल्या बाई उभ्या होत्या. विज्ञान शिकवायच्या, म्हणून अख्खी वस्ती त्यांना नुसतं बाई म्हणे. त्यांना आनंद व्हायला हवा होता, कारण हे आंदोलन त्यांचंच होतं. कापड रंगवणाऱ्या कारखान्याचा सांडपाण्याचा नळ वस्तीच्या विहिरीजवळ सुटायचा. पाणी निळं झालं, माणसं आजारी पडू लागली. बाईंची वहिनी तर दोनदा दवाखान्यात जाऊन आली. तेव्हा बाई आणि त्यांचा दादा यांनी विहिरीपाशी सतरंजी टाकली. नळ बंद करा, एवढीच मागणी. बसणाऱ्या मोजक्या बायका, उन्हातान्हात, महिनोन्महिने. एकदा एक पत्रकार आला तो पाच मिनिटांत निघाला. जाताना म्हणाला, "बाई, मुद्दा बरोबर आहे हो, पण बसलेल्या बायका कोण बघणार? काहीतरी हलायला पाहिजे."

मग बाबा अवतरले आणि सगळंच हललं. पहिल्या दिवशी पाणी निवळताना बघून वहिनी ढसाढसा रडली होती, आणि तो रडणारा चेहरा घराघरांत पोचला. लांबलांबून लोक आले, विद्यार्थी आले, नट आले, ज्यांना विहीर कुठे आहे हे ठाऊक नव्हतं तेही घोषणा देऊ लागले. फक्त घोषणा हळूहळू बदलल्या. 'नळ बंद करा' मागे पडलं आणि 'निर्मळबाबांचा विजय असो' पुढे आलं. बाईंना हे खुपत होतं. पण गर्दी जमली आहे तर काम मार्गी लागेल, असं म्हणून त्या गप्प बसल्या.

त्या संध्याकाळी त्या दादाच्या घरी गेल्या तर वहिनी ओट्यापाशी डोळे पुसत उभी होती.

"वन्सं, माझ्या हातून काय पाप झालं असेल हो?"

"आता हे काय नवीन?"

वहिनीनं पातेलं दाखवलं. सकाळी बाबांच्या हातचं स्वच्छ पाणी आणून तिनं त्यात ओतलं होतं आणि आता ते निळसर दिसत होतं. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ज्या घरात पाप त्या घरात पाणी पुन्हा निळं.

"माझ्यात नाही तर यांच्यात असेल," वहिनी म्हणाली. "पण हे असे देवमाणूस! म्हणजे मीच."

बाईंनी पातेल्यात वाकून पाहिलं. निळेपणा फक्त वर होता, सायीसारखा. खाली पाणी अजून स्वच्छ होतं. शेजारच्या बूच लावलेल्या कॅनमधलं उरलेलं पाणी तर जराही बदललेलं नव्हतं. पाप असं वरून खाली उतरत नाही, उतरते ती हवा. त्यांनी कॅनचं बूच काढून वास घेतला. जळलेल्या काडीचा. उदाच्या धुरात जो कधी लागला नाही तो इथे झपकन नाकात गेला, आणि बाईंनी तो ओळखला. दादा कारखान्याच्या रंगखात्यात कामाला होता तेव्हा त्याच्या कपड्यांना रोज हाच वास यायचा. बिघडलेल्या कापडाचा रंग उतरवायची पावडर!

"वहिनी, हे पाणी तू पितेस?"

"पिते म्हणजे? दुसरं पाणी सोडलंच मी."

दादा आंदोलनाच्या कचेरीत होता, भोंग्यांच्या आणि फलकांच्या ढिगाऱ्यात. बाईंनी दार लोटलं आणि सरळ विचारलं, "काठीत पावडर तू भरतोस?"

तो आधी हसला. मग बहिणीचा चेहरा बघून हसू आवरलं.

"बाबा जत्रांत हातचलाखीचे खेळ करायचा. मीच आणला त्याला. अगं, आपण इतके महिने खरं बोललो, कुणी ढुंकून पाहिलं? तू प्रयोगशाळेचा अहवाल दिलास, त्या पत्रकारानं त्यावर चहाचा कप ठेवला! आता बघ. गर्दी जमू दे, खरं मागून सांगू."

"मागून म्हणजे कधी? आज कारखान्याचा मॅनेजर बाबांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, ऐकलंस तो काय म्हणाला? पाणी शुद्ध होतंय, तेव्हा दुसरा नळ सोडायला हरकत नसावी. आवळा देऊन कोहळा काढला त्यानं, आणि आवळा तू पुरवलास."

"बाबा आपला माणूस आहे."

"तो कॅमेऱ्याचा माणूस आहे, दादा. रंग उतरला म्हणून विष उतरतं का रे? ते पाणी वहिनी पितेय."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "तिला कुणी सांगितलं प्यायला?"

"तूच. न सांगून."

तो खाली बसला. बाईंना त्याची कीव आली नाही. लहानपणी खोटं बोललं की कानाखाली वाजवणारा हाच दादा, आणि त्याच्या शब्दावर त्यांनी वस्तीतल्या बायकांना घरातून उठवून आणलं होतं. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला, असंच त्यांना वाटलं.

"उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार," त्या म्हणाल्या.

"आंदोलन संपेल."

"तुझं संपेल."

दुसऱ्या दिवशी बाबांनी बरणी निवळवली, आरोळी उठली, आणि बाई दोन बादल्या घेऊन पुढे झाल्या.

"बाई, इथे श्रद्धा लागते," बाबा गोड हसले.

"मला दोन बादल्या लागतात."

लोक हसले. बाईंनी बरणी एका बादलीत रिकामी केली आणि पाणी उंचावरून दुसऱ्या बादलीत ओतलं. तिथून परत पहिलीत. चारपाच वेळा काहीच झालं नाही. चेले कुजबुजू लागले. बाईंचे हात भरून आले, तरी त्या ओतत राहिल्या. मग धारेला हिरवट झाक आली, मग निळी, आणि बादलीत पुन्हा विहिरीचं निळंशार पाणी डुचमळू लागलं.

"पापी हात!" बाबा गरजले. "पापी हात लागले पाण्याला!"

"मग तुमच्या पवित्र हातांनी ओता," बाई म्हणाल्या. "निवळवा आणि ओता."

बाबांनी घाम पुसला. मुहूर्त नाही म्हणाले, घसा धरलाय म्हणाले, जणू पाणी घशानं ओततात. तेवढ्यात गर्दीतून वहिनी पुढे आली.

"ओता, बाबा. मला बघायचंय."

कॅमेरे वळले. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. बाबांनी काठी फिरवली, पाणी निवळलं. बाबांनी ओतलं, पुन्हा ओतलं, आणि त्यांच्या पवित्र हातांतलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळं झालं.

बाईंनी काठी उचलून उलटी ठोकली. टोकाच्या भोकातून पांढरी पावडर सांडली. "ही पावडर रंगातला प्राणवायू ओढून घेते, म्हणून रंग दिसेनासा होतो. हवा लागली की परत येतो. पाण्यातलं विष मात्र जिथल्या तिथे राहतं."

"पावडर आली कुठून?" पूर्वी पाच मिनिटांत निघून गेलेल्या त्याच पत्रकारानं विचारलं.

बाई दादाकडे बघत राहिल्या. तो एक एक पाऊल टाकत पुढे आला.

"मी दिली."

वहिनी त्याच्याकडे वळली. तिचा आवाज इतका हळू होता की माइकवाला पुढे सरकला. "अहो, मला का नाही सांगितलंत?"

दादानं मान खाली घातली. "सांगितलं असतं तर तू रडली नसतीस."

त्या एका चेहऱ्यावर एवढी गर्दी जमली होती, आणि तो चेहरा आता कोरडा ठणठणीत होता.

मग एकच गलका झाला. बाबा चेल्यांसह पसार झाले. लोक शिव्या घालत पांगले, आणि शिव्या बाबांपेक्षा बाईंनाच जास्त मिळाल्या. पत्रकार मात्र खुशीत होता. "बाई, हे तर चमत्कारापेक्षा भारी! तेवढं एकदा परत ओताल का? उजेड कमी पडला." त्याच्यामागे वाहिनीच्या गाडीतल्या पडद्यावर ठळक पट्टी सरकत होती : आंदोलन निघालं बनाव. मॅनेजर वाहिन्यांना फोनवरून हेच सांगत होता, मोठ्या दुःखानं.

बाईंनी बादली खाली ठेवली.

"चमत्कार खोटा होता, विहीर खोटी नाही," त्या उरलेल्या लोकांना म्हणाल्या. "आम्ही तुम्हाला फसवलं. माझ्या घरातून फसवलं गेलं, म्हणून 'आम्ही' म्हणते. पण एक ध्यानात ठेवा, खऱ्या गोष्टीला खोट्याचा टेकू दिला की टेकूबरोबर तीही पडते. बाबांवर विश्वास ठेवू नका आणि माझ्यावरही ठेवू नका. पाणी तपासा. कुठेही, कुणाकडूनही तपासून घ्या. जे निघेल ते माना, आणि मग पटलं तर येऊन बसा."

कॅमेरे तोवर बंद झाले होते. बाईंनी सतरंजी अंथरली. काही बायका आल्या, पूर्वीपेक्षाही कमी. वहिनी येऊन त्यांच्या शेजारी बसली. दादा चपला काढून सतरंजीच्या कडेला टेकणार, तोच वहिनीनं त्याला थांबवलं.

"तुम्ही नका बसू. वस्तीला प्यायला पाणी लागेल, ते लांबच्या सरकारी नळावरून आणा. घरोघर द्या. देताना प्रत्येकाला खरं काय झालं ते सांगा. तिथे कॅमेरा नसेल, तरी सांगा."