विहीणबाईंसाठी जागा

माईंनी खाटेवरची गादी दोन बोटांनी दाबून पाहिली आणि समाधानानं मान हलवली.

"टणक आहे. बरंच आहे," त्या म्हणाल्या. "पहाटे किती वाजता उठवता तुम्ही?"

"पाच बजे," रुकीबाई म्हणाली. निर्वासितांच्या कॅम्पातली ही बराक ती सांभाळत असे. "साडेपाचला प्रार्थना. मग चाय."

"दुपारी झोपू देता?"

"एक घंटा."

"तेवढी झोप पुष्कळ झाली. आमच्या विहीणबाई चारचार तास लोळतात. त्यांना जरा धाकात ठेवा. गोड बोलून दुसऱ्याला राबवायची सवय आहे त्यांना."

रुकीबाईनं दिनानाथकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. गेल्या सोमवारी तो एकटा येऊन तिला खरं काय ते सांगून गेला होता. जागा विहीणबाईंसाठी नव्हती. माईंसाठीच होती.

दिनानाथ अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर-कीपर होता. कारखान्यानं दिलेल्या दोन खोल्यांत तो, त्याची बायको मालिनी, तीन मुलं आणि दोन म्हाताऱ्या राहत. माई त्याची आत्या. बाराव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आलेली, डोकं भादरलेलं, अंगावर लाल आलवण. दिनाची आई तो चार वर्षांचा असताना गेली, पाठोपाठ वडीलही गेले. मग माईंनी बदलापुरात लोकांकडे स्वयंपाक करून त्याला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. दुसरी म्हातारी म्हणजे मालिनीची आई अंजनीबाई. मुलगा वारल्यावर तीन वर्षांपूर्वी पेणहून त्या लेकीकडे आल्या आणि राहिल्या.

पहिल्या दिवसापासून दोघींचं जमलं नाही. माई अंजनीबाईंचा चष्मा लपवून ठेवत. अंजनीबाई माईंना ऐकू जाईल अशा बेतानं नातवंडांना सांगत, "त्या कोपऱ्यात जाऊ नका, वास येतो." वास येत होता हे खरं होतं. वर्षभर माईंचं अंथरूण रोज ओलं होत होतं. दोनदा त्यांनी पेटता स्टोव्ह तसाच ठेवून दार ओढून घेतलं होतं.

"एकीला कुठंतरी ठेवावंच लागेल," मालिनी म्हणाली होती. "आणि माझी आई मुलांचं सगळं बघते."

पुढचं तिनं बोलायची गरज नव्हती.

माईंना सांगायचं कसं, हे दिनानाथला सुचेना. शेवटी त्यानं त्यांना सांगितलं की अंजनीबाईंसाठी जागा बघायची आहे, तूही चल, बाईमाणसाचं लक्ष असलं की बरं. यात आपण माईंवर दयाच करतो आहोत असं त्याला वाटत होतं. त्यांनी आपल्या डोळ्यांनी दोन्ही जागा बघाव्यात. जी आवडेल तिथं त्यांना ठेवावं.

माईंना कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. आज सकाळी त्या स्वतःच उठून आंघोळ करून बसल्या होत्या. धुतलेलं आलवण नेसल्या होत्या. महिपतीचा टांगा दिवसभरासाठी ठरवला होता. मालिनीनं माईंचं गाठोडं आधीच सीटखाली ठेवलं होतं आणि नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, "परत आणू नका. परत आणलंत तर पुन्हा कधी जायच्या नाहीत."

सकाळी ते बदलापूरला गेले. गावाबाहेर नदीकडच्या अंगाला एका ट्रस्टचा आश्रम होता. कौलारू ओटी, मागे विहीर, शेवग्याची दोन झाडं. आठ-दहा म्हाताऱ्या वाती वळत बसल्या होत्या. त्यांतली एक माईंच्या ओळखीची निघाली. माईंनी तिच्या मुलीच्या लग्नात पुरणपोळ्या केल्या होत्या. तिनं माईंचा हात धरून त्यांना शेजारी बसवून घेतलं. दोघी तासभर हसत होत्या. दिनानाथ विहिरीपाशी उभा राहून ते बघत होता आणि त्याचं मन हलकं होत होतं.

टांग्यात बसल्यावर त्यानं विचारलं, "कशी वाटली जागा?"

"फार चांगली," माई म्हणाल्या. "तिच्यासाठी नको. दुसरी दाखव."

आणि आता त्या बराकीत उभ्या होत्या. लढाईच्या वेळी सोल्जरांसाठी बांधलेली लांबलचक खोली, वर पत्रे, दोन्ही भिंतींना ओळीनं खाटा. खाटांवरच्या बायका सिंधहून आलेल्या, मागे-पुढे कुणी न उरलेल्या. एक भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. खिडक्या उंचावर होत्या, बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"यांतल्या कुणाला मराठी येतं?" माईंनी विचारलं.

"नाही, अम्मा. सगळ्या सिंधीच बोलतात."

माई दिनानाथकडे वळल्या. डोळे चमकत होते. "हीच जागा घे, दिना. बडबड करायला माणूस मिळणार नाही तिला. इथंच ठेव."

"माई, बदलापूरची जागा जास्त चांगली आहे."

"म्हणून तर सांगते. अरे, तिला चांगलं कशाला हवंय?"

दिनानाथनं दाराबाहेरच्या टांग्याकडे पाहिलं. महिपतीला सांगून टांगा पुन्हा बदलापूरला नेता आला असता. अजून चारही वाजले नव्हते. पण त्याला माईंचा राग आला, आणि राग आल्यावर त्याला एकदम सुटल्यासारखं वाटलं. दुसरीला इथं टाकताना हिला काही वाटत नाही, मग आपण कशाला वाटून घ्यायचं? बराक घरापासून जवळही होती.

"ठीक आहे," तो रुकीबाईला म्हणाला.

रुकीबाईनं रजिस्टर उघडलं. "नाव?"

"द्वारका गोविंद कारखानीस. वय एकाहत्तर."

माई ऐकत होत्या. त्यांना ते नाव लगेच ओळखू आलं नाही. त्या नावानं त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मग महिपती गाठोडं घेऊन आत आला आणि त्यानं ते खाटेवर ठेवलं. माईंचीच जुनी गोधडी, माईंच्याच हातची गाठ.

त्या गाठोड्याकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं खाटेवर बसल्या.

"अंजनीला माहीत होतं?"

"हो."

"मुलांना?"

त्यानं गाठोडं खाटेच्या कडेवरून आत सरकवलं.

"तरीच. काल तिनं माझ्या भातावर आपणहून तूप वाढलं," माई म्हणाल्या. "मला वाटलं, घाबरली."

"माई, मी दर रविवारी येईन. नाहीतर असं करू, पुढच्या महिन्यात बदलापूरला..."

"नको. मीच निवडली ना जागा."

रुकीबाईनं खाटेखाली एक पितळी तांब्या ठेवला आणि ती पलीकडे गेली. समोरच्या खाटेवरच्या बाईनं माईंना काहीतरी विचारलं. माईंना ते कळलं नाही. बाईनं पुन्हा विचारलं, मग नाद सोडला.

"बाबू, घोडा उन्हात तापलाय," महिपती दारातून म्हणाला.

दिनानाथ वाकला. परीक्षेला जाताना, नोकरीवर रुजू होताना, लग्नाच्या आदल्या दिवशी वाकला होता तसाच. माईंनी पाय वर उचलून आलवणाखाली ओढून घेतले. त्याचे हात जमिनीवर टेकले. नुकतीच पुसलेली जमीन अजून ओली होती.