डाव्या डोळ्यावरचा डाग

आईने टेबलावरच्या मांजरीचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि शेजारी जुना फोटो धरला. फोटोतल्या मांजरीच्या डाव्या डोळ्यावर काळा डाग होता. हिच्या डोळ्याभोवती तांबूस रंग, आणि काळा सगळा पाठीवर सांडलेला.

"ही ती नाहीच. फसवलंत तुम्ही."

"तुमच्या गेलेल्या मांजरीच्याच पेशीपासून झालीय," प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "जनुकं तीच आहेत. पण काळ्या आणि तांबूस, दोन्ही रंगांचं जनुक हिच्यात आहे. पोटात असतानाच प्रत्येक पेशी त्यातलं एक गप्प करून टाकते. कुठे कोणतं गप्प होईल, ते कुणाच्याच हातात नसतं. तुम्हाला आधीच सांगितलं होतं मी."

आईचं ते 'ही ती नाहीच' ऐकून बाजूला बसलेल्या तिच्या धाकट्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती आणि थोरली जुळ्या, एकाच साच्यातल्या, असं सगळे म्हणायचे. मांजर थोरलीची. थोरली तापाने गेली आणि तिच्या मागोमाग मांजरही. तेव्हापासून धाकटीच्या अंगावर थोरलीचे कपडे आले, केस थोरलीसारखे कापले गेले, आणि सुराशी उभा दावा असलेली ही पोरगी थोरलीच्या गाण्याच्या बाईंपुढे जाऊन बसली. आईचं दुःख मोठं म्हणून तिने सगळं निमूट सोसलं. बहीण तिचीही गेली होती, पण हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मग दुसरी करा," आई म्हणाली. "डाग जुळेपर्यंत करा."

"कितीही केल्या तरी प्रत्येकीची तऱ्हा वेगळीच निघेल. नको असेल तर हिला आम्ही ठेवून घेतो."

"ठेवा. मला काय करायचीय ही?"

धाकटी ताडकन उठली आणि तिने मांजर उचलली. मांजरीने तिच्या मनगटावर लांबलचक ओरखडा काढला. थोरलीच्या मांजरीने जन्मात कुणाला नख लावलं नव्हतं. धाकटीने मात्र पकड सोडली नाही.

"खाली ठेव तिला. ती आपली नाही."

"ती नाही, तर मीही नाही," धाकटी म्हणाली. "माझे डाग तरी तुला कधी जुळवता येणार आहेत? मी ताई नाही, आई. कितीही कापलेस केस तरी नाही."

डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. आईच्या हातातला फोटो टेबलावर उताणा पडला. तिने धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं, मग मनगटाकडे.

"लागलं का गं तुला?"

"लागलंय," धाकटी म्हणाली. पण हात तिने आईपुढे धरला नाही.